जाता आलं नाही, त्याचं नाणं

सकाळी पडदा सरकवला आणि काचेपलीकडचं काही दिसलं नाही, की समजायचं, उन्हाळ्याचा वाईट भाग सुरू झाला. काच आतून गार असते आणि बाहेरून घामेजलेली. पाणी ओघळत असतं, पण आतून पुसायला गेलं तर पुसलं जात नाही. मे-जूनचं ऊन कोरडं, ते भाजतं आणि सोडून देतं. ऑगस्टची हवा सोडत नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत, जाऊन येईस्तोवर ब्लाउज पाठीला चिकटतो.

आम्ही राहतो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला आमच्यासारख्यांच्या इमारती. या दिवसांत दुपारी उन्हातलं काम बंद ठेवतात. रस्त्याच्या मधल्या पट्टीत चार झाडं आहेत, त्यांच्याखाली मजूर तोंडावर फडकं टाकून आडवे होतात. चौथ्या मजल्यावरून मला त्यांचे पाय तेवढे दिसतात. शाळा बंद, निम्मी इमारत सुट्टीवर गावाला गेलेली. जिन्यात आवाज नाही. एसीचा तेवढा घरघराट.

ही हवा आली की मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. आठवावा असा तो नाही. त्या उन्हाळ्यात घरात एकाच गोष्टीचा निकाल लागायचा होता. माझा नवरा या घरात राहणार, की नाशिककडच्या एका वृद्धाश्रमात जाणार.

नवऱ्याला गावात सगळे तात्या म्हणत. मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, पण लिहिताना ‘हे’ ‘हे’ करत बसलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून मीही तात्याच म्हणते. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर बरं आहे. मुलगा महेश, सून स्नेहा, नात आर्या आणि आम्ही दोघं, एवढं घर.

तात्यांना एक नाद होता. चांदीचे अमेरिकन डॉलर जमवायचा. नोटा नव्हेत, नाणी. तिथलं सरकार एखाद्या गोष्टीची आठवण म्हणून असं नाणं काढतं. कधी खेळांची, कधी पुतळ्याची, कधी कुणा सेनापतीची. हातात घेतलं तर वजनदार, आणि आरशासारखं लखलखीत. बाजारात ते कुणी चालवत नाही. एकेक नाणं प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद असतं. तोंडाला बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं. मी एकदा धुणं टाकून ओल्या हातानं एक उचललं होतं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. एरवी तरी कुठं फार बोलायचे.

पहिलं नाणं त्यांना मुसफ्फात, इकडच्याच एका कारखान्यांच्या वस्तीत, मिळालं. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये ते फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन बाहेर पडले. तेव्हा मुसफ्फात पत्र्याच्या शेड आणि वाळू यांखेरीज काही नव्हतं म्हणे. एका खोलीत आठ माणसं, वर-खाली खाटा. वर्कशॉपात तेलकंपनीचं काम यायचं, ते तपासायला एक अमेरिकन इंजिनियर येई. त्याच्याकडे ही नाणी होती. महेश जन्मला तेव्हा तात्या मुसफ्फात होते. तार मिळाली. सुट्टी मिळाली नाही, पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. त्या आठवड्यात त्यांनी त्या अमेरिकनाकडून एक नाणं विकत घेतलं. त्यावर एक कमान आहे, आणि कमानीवर एक बाई आणि एक बुवा उभे. दोघांनाही मुंडकं नाही. धडच आहे नुसतं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा महेश दोन वर्षांचा झाला होता. म्हटलं, “माझ्या पोराच्या जन्माला मुंडकं नसलेलं नाणं घेतलंत?”

म्हणाले, “तोंड कुठं बघितलं होतं त्याचं.”

त्यानंतर एकेक येत गेलं. मला बरेच दिवस वाटत होतं, हौस आहे, पैसे उडवतात. मग लक्षात आलं की आनंदाला नाणं येत नाही. जिथं जाता आलं नाही, तिथलं येतं. त्यांची आई गेली तेव्हा एक आलं, पुतळ्याचं. एक बाई हातात मशाल धरून उभी आणि तिच्यामागं एक लांबलचक इमारत. बोटीतून येणारी परदेशी माणसं त्या इमारतीत उतरायची आणि मग कायमची तिथलीच व्हायची, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तात्या म्हणाले, “आपल्याकडं अशी इमारत नाही. आपल्याकडं फक्त विमानतळ.” धाकट्या भावाच्या लग्नाला जाता आलं नाही, तेव्हाचं नाणं सेनापतीचं. एकाच माणसाचे दोन चेहरे, एक तरुणपणीचा आणि एक म्हातारपणीचा, एकमेकांकडं पाठ करून. पुढं त्या भावाशी घरावरून वाजलं, आजतागायत बोलणं नाही. ते नाणं आधीच घेऊन ठेवलेलं होतं.

बहिणीचं बाळंतपण, वडिलांचं ऑपरेशन, गावच्या देवळाचा कळस, महेशच्या मुंजीचं जेवण. अमेरिकेनं ते नाणं कशासाठी काढलं हे त्यांना अर्धवट माहीत असायचं. आपण कशासाठी घेतलं ते पक्कं माहीत.

एकदा मी विचारलं, “मी अकरा वर्षं तिकडं एकटी काढली. माझी किती आहेत यात?”

“तुझं एकही नाही.”

“का?”

“तेवढी कुठून आणू?”

मला तेव्हा राग आला होता. पुढं मी इकडं आले तशी नाणी येणं कमी झालं. बंद नाही झालं.

वर्कशॉपातून त्यांनी पांढऱ्या नायलॉनचा एक जाड पाट आणला होता. मशीनवर त्यात गोल खळगे पाडून घेतले होते, डबी बरोबर बसेल असे, टच्चकन आवाज येईल असे. वर्षं बघून नाणी लावणं कुणालाही जमेल, वर्ष छापलेलंच असतं. यांचा क्रम होता कुणाकडं जायचं कधी चुकलं याचा. पहिल्या खळग्यात महेश, दुसऱ्यात आई, तिसऱ्यात भाऊ. नाण्यांना ते त्याच नावांनी हाक मारत. “आईवर धूळ बसलीय,” म्हणत. “भावाची डबी सैल झालीय.” हा क्रम फक्त त्यांच्या डोक्यात होता. थोडा माझ्याही, कारण इतकी वर्षं बघत आले.

मग डोकंच बिघडलं. एकदम नाही. आधी चष्मा फ्रीजमध्ये सापडू लागला. मग आर्याला महेशची मावशी समजून तिच्या नवऱ्याची चौकशी केली. आर्या हसली, “आज्जी, ही थिंक्स आय अ‍ॅम मॅरीड.” आम्हीही हसलो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

त्या वर्षी जूनमध्ये एका दुपारी ते घराबाहेर पडले. मी आंघोळीला गेले होते. महेश-स्नेहा ऑफिसात. तात्या खाली उतरले, इस्त्रीची पँट, खिशात पेन, आणि रस्त्यावर जाऊन कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहिले. मुसफ्फाला जाणाऱ्या बसची. मुसफ्फा इथून दीड तास लांब, आणि ती बस बंद होऊन किती वर्षं झाली देव जाणे. उन्हात उभे राहून राहून खाली बसले. बकाल्यातल्या मोईदूनं बघितलं. केरळचा माणूस. त्यानं उचलून दुकानात नेलं, आइस्क्रीमच्या फ्रीजरशेजारी खोक्यावर बसवलं, डोक्यावर गार बाटली धरली, आणि मला फोन केला. “अम्मा, अंकल इदर बैठा है. टेन्शन नहीं लेना. बस का टाइम पूछ रहा है.”

मी गेले तर तात्या मोईदूवर खेकसत होते, “ड्रायव्हर कोण आहे आज? रोज उशीर.”

मोईदू मला डोळ्यानं खुणावत म्हणाला, “ट्राफिक है साब. आएगा, इन्शाल्ला.”

संध्याकाळी महेश खुर्चीत बसला आणि बराच वेळ बूटच काढेना. मग म्हणाला, “आई, मोईदू नसता तर?”

“होता ना.”

“पुन्हा एकदा असं झालं तर मी त्यांना इथं ठेवू शकणार नाही. जुलैत चाळीसच्या वर जातं. मला ऑफिसमध्ये फोन येईल तो कसला येईल, सांग.”

नाशिककडच्या त्या जागेचं त्यानं आधीच बघून ठेवलं होतं. फोनवर व्हिडिओ दाखवला. स्वच्छ होतं. खाटांवर निळ्या चादरी. एक म्हातारा कॅमेऱ्याकडं बघून हात हलवत होता, त्याला कुणीतरी हलवायला सांगितलेलं दिसत होतं. मी बरोबर जाते म्हटलं, तर तिथं जोडप्यांची सोय नाही. आणि सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की इथला व्हिसा जातो. म्हणजे तिकडं जाणं ते जाणंच. सुट्टीला म्हणून नेतात, तसं सांगायचं होतं त्यांना. इथली सगळी घरं जुलै-ऑगस्टात गावाला जातात, त्यांना संशय आला नसता.

महेशला मी वाईट म्हणत नाही. कुणी म्हणू नये. सकाळी साडेसहाला निघतो, रात्री आठला येतो, आणि बापाची विजार बदलतो. असे किती मुलगे असतात मला माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, दुपारी हाताला काम द्या. ज्या कामाची सवय आहे, ते द्या. बसून राहतील. स्नेहालाच सुचलं. म्हणाली, “आई, नाणी. रोज लावू देत त्यांना.” ठरलं असं की रात्री ते झोपले की मी पाटातली सगळी नाणी काढून एका धुतलेल्या पंच्यात सरमिसळ करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी जेवण झालं की पंचा त्यांच्यापुढं उघडायचा. घरात सगळ्यांना माहीत होतं. आर्यासुद्धा कधी कधी मिसळायला बसायची.

चाललं. जुलै सगळा चालला. जेवण झालं की मी दार आतून बंद करायची, किल्ली कमरेला खोचायची, पडदे ओढायची. खोलीत मातकट अंधार. बाहेर ती पाण्यानं भरलेली काच. तात्या जमिनीवर सतरंजीवर बसत, चष्मा नाकाच्या टोकावर. एकेक डबी कडेनं उचलायची, उजेडाकडं धरायची, ओठ हलवायचे, आणि खळग्यात दाबायची. टच्च. बराच वेळ काही नाही. मग टच्च. मी बाजूला खजूर निवडत बसायची. ओले खजूर या दिवसांत स्वस्त येतात, मोईदू खोक्यानं पाठवतो, अर्धे पिवळे कडक, अर्धे तपकिरी मऊ. हाताला चिकट लागायचं. खोलीत खजुराचा गोडसर, आंबूस वास. तो वास आला की अजून मला त्या डब्यांचा आवाज ऐकू येतो.

तीन-सव्वातीनला पाट भरायचा. तात्या त्यावरून हात फिरवायचे, डब्यांना न लावता, वरून. “झालं,” म्हणायचे. मग झोपायचे. तोवर ऊन उतरलेलं असायचं, बसची वेळ टळलेली असायची. एक दिवस गेला.

काम रोज तेच आहे हे त्यांना कळत नव्हतं, ते एक बरं. पण सगळंच कळत नव्हतं असंही नाही. जुलैच्या शेवटी एकदा पंचा उघडल्यावर त्यांनी हातच लावला नाही. माझ्याकडं बघितलं. “काल लावून ठेवली होती मी.”

मी खजूर निवडत राहिले.

“कोणीतरी विस्कटतं,” म्हणाले. “कोण येतं घरात?”

“कोण येणार?”

“ती येते.”

ती म्हणजे स्नेहा. त्या दिवशी ती बरं नाही म्हणून घरी होती. पाण्याचा ग्लास घेऊन आली, तर तात्या उठून उभे. “महेशला कुठं ठेवलंस?”

“ऑफिसला गेलाय, बाबा.”

“खोटं बोलू नकोस. पहिल्या घरात होता. नेलास ना?”

ती हसली, मग हसायचं थांबली. “आई, ते मला काय म्हणतायत?”

“चोर म्हणतायत,” मी म्हटलं. “जा आत.”

मुंडकं नसलेली डबी पंच्याच्या घडीत अडकली होती. सापडली तेव्हा शांत झाले. पण त्या दिवसापासून क्रमही ढळायला लागला. भाऊ आईच्या घरात. बहीण सगळ्यांच्या आधी. मी बघायची, बोलायची नाही. लावून झालं की ते हात फिरवायचे आणि कुठंतरी खटकायचं त्यांना. काय खटकतं ते सापडायचं नाही. मग चोर शोधायचे. रोज. उशाखाली, डाळीच्या डब्यात, स्नेहाच्या कपाटात. तिच्या साड्या जमिनीवर. ती बिचारी रात्री घड्या घालत बसे. एकदा मला म्हणाली, “आई, मला कळतं, आजार आहे. पण मी घरी येते तेव्हा लिफ्टमध्ये आपल्या मजल्याचं बटण दाबवत नाही.” तिचं खरं होतं.

श्रावणातल्या शुक्रवारी स्नेहानं हळदीकुंकू ठेवलं. मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, वर्षभर मी सगळ्यांकडं जाते, एकदा तरी घरात चार बायका येऊ देत. सात-आठ जणी होत्या, ज्या गावाला गेल्या नव्हत्या त्या. मसाल्याचं दूध, फुटाणे, गजरे. बाहेर हवा अशी की गजरे वाटेतच कोमेजलेले. मी तात्यांना आतल्या खोलीत पाट देऊन बसवलं होतं. महेश लवकर येऊन त्यांच्याजवळ होता.

काय झालं ते मला दिसलं नाही. एकदम दार उघडलं आणि तात्या बैठकीत. विजार आणि बनियन. सगळ्या बायकांपुढं उभे राहून म्हणाले, “पर्स उघडा.”

कुणाला कळेना. एकीला वाटलं थट्टा आहे. ती म्हणाली, “काय पाहिजे, काका? ओटी?”

“महेश हरवलाय. तुमच्यातच कुणाकडं तरी आहे. पर्स उघडा.”

महेश मागं उभा होता. म्हणाला, “बाबा, मी इथंय.”

तात्यांनी त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. हातानं बाजूला सारत म्हणाले, “तू हो बाजूला. कामाच्या वेळी मधे येऊ नको.” आणि जवळच्या बाईची पर्स ओढली. तिनं धरून ठेवली. ओढाताणीत तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या. मनगटाला काच लागली, रक्त आलं. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीच्या बांगड्या. ती रडायला लागली. बाकीच्या चपला घालायला उठल्या. दुधाचे पेले तसेच.

मी झाडूनं बांगड्यांच्या काचा गोळा केल्या. स्नेहा ओट्याशी पाठ करून उभी. महेश स्वयंपाकघराच्या दारात आला.

“आई, आता खलास. मी तिकीट काढतो.”

“काढ.”

“असं नको ना बोलू.”

“मग कसं बोलू? नको काढू म्हटलं तर ऐकणार आहेस?”

“मला आवडतंय का हे?” तो म्हणाला. “ते मला शोधत होते. मी समोर उभा होतो आणि ते मला शोधत होते.”

स्नेहानं वळून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी काचा कागदात बांधल्या. तिकीट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं निघालं.

मी विचार केला, भांडण त्या विस्कटण्यावरून आहे ना, मग विस्कटायचंच नाही. त्या रात्री मी नाणी मिसळली नाहीत, उलट मला आठवत होता तसा क्रम लावून ठेवला. पहिला महेश, मग आई, मग भाऊ. दुसऱ्या दिवशी पाट पुढं ठेवला. तात्यांनी बघितलं, वरून हात फिरवला. चेहरा निवळला. “झालं,” म्हणाले. आणि उठून बूट घालायला लागले.

दाराला किल्ली. आधी हलवलं, मग ठोठावलं, मग खांद्यानं धडका. “बस जाईल! उघड!” वॉचमन वर आला. शेजारचा पाकिस्तानी म्हातारा बाहेर येऊन दारापलीकडून विचारू लागला, बहनजी, सब ठीक? संध्याकाळपर्यंत तात्यांच्या खांद्यावर हे एवढं काळंनिळं.

म्हणजे असं होतं. नाणी विस्कटली तर चोर, आणि लावलेली ठेवली तर रस्ता. तिसरं काही नव्हतं.

मी पुन्हा विस्कटायला लागले. पण स्नेहाचं नाव येऊ नये म्हणून ते काही म्हणायच्या आधीच मी म्हणायची, “मी घेतलं.”

“तू? तुला कशाला पाहिजे?”

“पाहिजे होतं.”

“बघितलंस तरी कधी धड? कडेनं धरता येत नाही तुला. चौथी पास.”

“आणि तुम्ही? सातवी नापास.”

“अगं, पण मी मुसफ्फात तीस माणसं सांभाळली!”

“मला कुठं सांभाळलंत?”

मग जे सुरू व्हायचं ते व्हायचं. गावचं घर, माझा भाऊ, लग्नातलं मानपान, मी एकदा न विचारता म्हैस विकली होती ती. कुठली कुठली गोष्ट निघायची. निम्मी खरी, निम्मी दुसऱ्याच कुणाची. मी एकही सोडली नाही. खजूर निवडत निवडत उत्तरं दिली. लग्नाला चोपन्न वर्षं झाली होती, आणि हा माणूस माझ्याशी एवढा कधी बोलला नव्हता. पत्रातही नाही. त्या दुपारी मला बऱ्या वाटायच्या, हे मी कुणाला सांगितलं नाही. चाराच्या सुमाराला दमून ते झोपायचे, घसा बसलेला असायचा.

स्नेहा एकदा ऑफिसातून लवकर आली, दाराबाहेर उभी राहून तिनं सगळं ऐकलं. आत येऊन म्हणाली, “आई, तुम्ही किती सहन करता.” मी सहन कुठं करत होते.

महेशला मी सांगितलं, आता ते तुझ्या बायकोला काही म्हणत नाहीत, बाहेर जात नाहीत. तिकीट राहू दे. तो म्हणाला, “आणि तू पडलीस तर? त्यांनी तुलाच ढकललं तर?” त्याचंही चूक नव्हतं. मी त्या माणसाला किती दिवस पुरणार होते? तरी मी रोज सकाळी उठून मनात म्हणायची, आजचा दिवस निघू दे, मग उद्याचं भांडण उद्या.

ऑगस्ट संपत आला तेव्हाची एक दुपार. काचेवरून पाणी गळत होतं. मी पंचा उघडला. म्हटलं, “आज मी दोन घेतलीयत.”

तात्या नाण्यांकडं बघत होते. एक डबी उचलली. कडेनं नाही, अशी, मुठीत. उलटीसुलटी केली. कुठलं होतं ते? पुतळ्याचं, त्यांच्या आईचं. बघितलं आणि परत ठेवून दिलं, जिथं हात गेला तिथं, सतरंजीवर.

“लावायची नाहीत?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. काहीच नव्हतं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस बघतो तसं.

“मी घेतलीयत दोन,” मी पुन्हा म्हटलं. “चोरलीयत. ऐकू येतंय का?”

ते भिंतीकडं बघत बसले. मी गावच्या घरावरून बोलले, भावावरून बोलले, म्हशीवरून बोलले. शेवटी मीच थांबले. तीन वाजले, चार वाजले. मी उठून दाराची किल्ली काढली आणि दार सताड उघडं टाकलं. बाहेरची गरम, दमट हवा आत आली. ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पंचा उघडलाच नाही. नाणी पाटात घातली, माझ्या आठवणीनं. क्रम चुकला असेल तर आता सांगणारं कुणी नाही.

महेशनं आठवडाभर बघितलं. बाबा हाक मारली तर वळतात, घास तोंडाशी नेला तर खातात, बसवलं तिथं बसतात. कुणाला काही म्हणत नाहीत. रविवारी त्यानं फोनवर काहीतरी केलं आणि माझ्याजवळ येऊन बसला.

“आई, तिकीट रद्द केलं. बाबा आता इतके शांत झालेत, राहू देत इथंच. कुणालाच त्रास नाही.”

स्नेहानं शिरा केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, चांगलं. मन मोठं आहे तिचं. आर्यानं आजोबांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. मला जे पाहिजे होतं ते मला मिळालं होतं. मीही शिरा खाल्ला.

तीन वर्षं झाली त्याला. तात्या आतल्या खोलीत आहेत. मी त्यांना भरवते, पुसते, कुशीवर वळवते. मुलानं बापाला घरी ठेवलं म्हणून सगळे महेशचं नाव घेतात. ठेवलंच आहे त्यानं.

यंदा खालच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब आलं आहे. तिथल्या बाईच्या सासऱ्यांचं तसंच सुरू झालंय. रात्री उठून स्वयंपाकघरात दूधवाल्याशी भांडतात, सुनेनं माझी पेन्शन खाल्ली म्हणून इमारतभर सांगतात. परवा ती बाई वर आली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. आत जाऊन तात्यांना बघून आली. ते खिडकीकडं तोंड करून बसले होते, हात मांडीवर, स्वच्छ सदरा. ती माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “काकू, किती शांत आहेत हो. काही औषध दिलं का? काय केलंत तुम्ही?”

“काही नाही.”

“काहीतरी केलं असेल ना. आमचे दिवसभर ओरडतात. मला नाही नाही ते बोलतात.”

“तुम्हाला ओळखून बोलतात?”

“ओळखून म्हणजे काय, नावानं हाका मारून शिव्या देतात.”

“मग तुम्ही पण द्या,” मी म्हटलं. “जमेल तेवढं भांडून घ्या त्यांच्याशी.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की या म्हातारीचंही काही खरं नाही. चहा अर्धा तसाच ठेवून उठली. खालून तिच्या सासऱ्यांचा आवाज येत होता, चांगला खणखणीत, तिचंच नाव घेऊन. ती जिना उतरून त्यांना गप्प करायला गेली.